परसदार: गडग्याच्या कडेची झुडुपं

प्रश्न: ताई, निवृत्तीनंतर मुंबई सोडून गुहागरजवळ घर बांधलं. जांभ्या दगडाची दहा गुंठे जागा आहे. पक्षी, फुलपाखरं यावीत म्हणून इथलीच फुलझुडुपं लावायची आहेत. सध्या सगळीकडे घाणेरी माजली आहे. तिच्यावर फुलपाखरं दिसतात, म्हणून ती ठेवावी का? शेजारच्या काकी बजावतात, "झाडी वाढली की जनावर येतं," म्हणजे साप. पावसाआधी जेसीबी लावून जागा साफ करून घ्यायचा विचार आहे.

उत्तर: जेसीबीवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. जांभ्यावर माती असते वीतभर, कुठे तीही नसते. ती एकदा उकरली की आषाढातल्या सरी तिला गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, नेऊन टाकतात, आणि मागे उरलेल्या खडकाळीवर सगळ्यांत आधी हजर होते ती रानमोडी नावाचं तण. शिवाय जी झुडुपं तुम्ही विकत आणायला निघालात, त्यातली बरीचशी तुमच्याच जागेत बुंध्यांच्या रूपात असणार. करवंद, कुडा, धायटी, मुरुडशेंग, अंजनी ही सगळी कोयत्याने छाटली तरी बुडातून फुटतात. गडग्याच्या कडेने तीन-चार हातांचा पट्टा एक पावसाळाभर कोयता न लावता सोडा आणि काय वर येतं ते बघा. नर्सरीची यादी त्यानंतर करा.

घाणेरी मात्र काढाच. ती मूळची अमेरिकेतली. फुलपाखरं तिच्यावर मध प्यायला बसतात हे खरं, पण अंडी घालायला दुसरीकडे जातात, कारण अळ्यांना तिची पानं चालत नाहीत. बुलबुल तिची फळं खाऊन बी गावभर टाकतात ते वेगळंच. पावसात जमीन मऊ झाली की मुळासकट उपटा. नुसती छाटलीत तर दुप्पट जोमाने फुटते. रानमोडीही तेव्हाच काढायची. थंडीत तिला फुलं आली की बी वाऱ्यावर जातं आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.

नवं लावताना आधी अळ्यांच्या जेवणाचं बघा, फुलांचं नंतर. एक लिंबू किंवा पपनस आणि एक कढीपत्ता हवाच. माकडलिंबू, म्हणजे लिंबाचं रानातलं भावंड, मिळालं तर सोन्याहून पिवळं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत लिंबाच्याच गोतावळ्यात अंडी घालतं. त्याची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. लोक ती दिसली रे दिसली की औषध मारतात आणि नंतर मला पत्र लिहितात, फुलपाखरं हल्ली येत नाहीत म्हणून! अंगाने भरलेलं लिंबू चार फांद्यांची पानं गेली म्हणून मरत नाही. पांढऱ्या पानाची, नारिंगी चांदणीसारख्या फुलाची भूतकेसही लावा. कमांडर नावाचं विटकरी रंगाचं, पंखांवर पांढरा पट्टा असलेलं फुलपाखरू तिच्यावर वाढतं.

फुलांसाठी तांबडी रानटी पेंटगुळ लावा. पावसाळ्यात तिची फांदी खोचली तरी लागते, आणि फळं पक्ष्यांना होतात. भारंगी सावलीच्या कडेला लावा. पावसाळ्यात निळी फुलं भुंग्यांना आणि कोवळी पानं तुमच्या भाजीला. (उकळून पाणी काढून टाका, नाहीतर घरात कडू तोंडं बघावी लागतील.) दुहेरी पाकळ्यांची जास्वंद हौसेखातर लावायची तर लावा, फुलातला मध पिणाऱ्या शिंजीर पक्ष्याला तिचा उपयोग नाही. त्याला साधी, एकेरीच हवी.

आता काकींचं. त्यांचं बोलणं उडवून लावू नका. ओटा, विहीर, न्हाणीघर आणि पायवाट यांच्या लगत झुडूप नको. पण जळाऊ लाकडं, जुनी कौलं, उरलेले चिरे घराला टेकून रचलेत तर तिथे उंदीर राहणार आणि त्यांच्यामागे जनावर येणार, मग करवंदाची जाळी लांब असो की नसो. आणि हो, पातेरा (गळलेली वाळकी पानं) जाळू नका, झाडांच्या बुडाशी पसरा. कोषात गेलेल्या कितीतरी अळ्या त्यातच असतात.

प्रश्न: माझी देवगडला हापूसची बाग आहे. बांधावर धायटी आणि करवंद माजलं आहे. कीड तिथूनच येते असं सगळे म्हणतात. काढून टाकू?

उत्तर: मोहोरावरचे तुडतुडे एरवी आंब्याच्याच सालीच्या भेगांत आणि दाट पालवीत दबा धरून असतात. त्यांच्यासाठी करवंद तोडण्यापेक्षा आतल्या फांद्या विरळ करा, ऊन आत जाऊ द्या. मोहोराला फळ धरतं ते माश्या आणि मधमाश्यांमुळे, आणि त्यांना मोहोर नसतानाही खायला लागतं. धायटी जानेवारीपासून लाल होते, अंजनी मार्च-एप्रिलात निळी. पुढे कुडा, आणि पावसात मुरुडशेंग. एवढं बांधावर असलं तर सातेरी मधमाश्या बाग सोडून लांब जात नाहीत. डंख नसलेल्या बारीक माश्या तर गडग्याच्या फटीतच घर करतात, तिथे सिमेंट भरू नका. मोहोर पूर्ण उमलला की फवारणी टाळा. अगदी गळ्याशी आलं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. धायटीची वाळलेली फुलं आसवं-अरिष्टं मुरवायला वापरतात, त्यामुळे गिऱ्हाईकही मिळू शकतं. बांधाला खरी भीती वणव्याची. डिसेंबर सरताना बाहेरच्या अंगाचं गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढून ठेवा.

प्रश्न: वेंगुर्ल्याला समुद्रालगत घर आहे. खाऱ्या वाऱ्याने सगळं करपतं. काय टिकेल?

उत्तर: कोयनेल. खाडीकाठी आपसूक वाढते, खारं सोसते, छाटून कुंपण होतं. मात्र सारखी छाटलीत तर फुलणार नाही, एक बाजू वाढू द्या; लांब नळीची पांढरी फुलं पतंगांना आवडतात. तिच्या आडोशाला निर्गुडी लावा. गुरं तोंड लावत नाहीत आणि फांदीपासून होते.

प्रश्न: मुरुडशेंगेचं बी पेरलं, रुजलं नाही.

उत्तर: कवच कडक असतं. पॉलिश पेपरवर हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, मग पेरा. करवंदाचं उलट, ते ताजंच पेरायचं. मे महिन्यात खाल्लेल्या करवंदाचं बी धुऊन लगेच माती भरलेल्या पिशवीत टाका. धायटीचं बी धुळीसारखं बारीक, ते मातीखाली पुरू नका. ओल्या मातीवर भुरभुरून पिशवी सावलीत ठेवा.