गार्ड का काढला, ते आधी विचारा

*आयुष्य टूलरूममध्ये आणि पुढे शिकाऊ मुलांना फिटिंग शिकवण्यात गेलेले आमचे मास्तर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.*

प्रश्न: मी फॅब्रिकेशन शॉपमध्ये नवा सुपरवायझर आहे. आमचे एक ज्येष्ठ कारागीर ग्राइंडर हातात घेतला की आधी गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक कवच, काढून बाजूला ठेवतात. बोललो तर म्हणतात, "तुझं वय नसेल तेवढी वर्षं मी चकत्या चालवल्यात." काय करू?

मास्तर: त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचा ग्राइंडर मागून घ्या आणि गार्ड फिरतोय का बघा. हौस म्हणून कोणी स्क्रू सोडवत बसत नाही. गार्ड कुठेतरी नडत असतो, म्हणून निघतो.

माझ्या हाताखाली एक पोरगा होता, रोज गार्ड काढायचा. रोज बोलणी खायचा. एक दिवस वैतागून मी ते मशीन स्वतः चालवायला घेतलं. गार्डच्या पट्टीचा स्क्रू ठिणग्यांच्या काळ्या भुकटीनं जाम झाला होता. गार्ड एकाच कोनात अडकलेला, आणि नेमकी कापायची रेघ त्याच्याआड. पोराला मान वाकडी करूनसुद्धा ती दिसत नव्हती. महिनाभर मी त्याला झापत होतो, पण अवजारं तपासायचं काम माझंच होतं की! स्क्रू बदलला, गार्ड हवा तसा वळायला लागला, आणि पुन्हा काही तो निघाला नाही. कोपऱ्यातल्या कामात गार्ड खरंच मावत नसेल, तर ते काम ग्राइंडरचं नाही. तिथे हॅकसॉ घ्या, कानस घ्या, नाहीतर जोडणीच्या आधीच कापून घ्या.

तुमच्या कारागिरांना उपदेश नको, हिशेब दाखवा. १०० मिलिमीटरची चकती, परीघ ३१४ मिलिमीटर. मिनिटाला ११,००० फेरे धरले तर कडेचा वेग सेकंदाला ५७-५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. चकती फुटली तर तुकडा त्याच वेगानं, फिरण्याच्या रेषेत सुटतो. त्या रेषेत गार्ड नसेल तर तोंड असतं. गार्ड असला तरी चकतीच्या रेषेत उभं राहू नये, अंग थोडं बाजूला ठेवावं.

गार्ड काढण्याचं आणखी एक कारण मी पाहिलंय, आणि त्याला मात्र माफी नाही: लहान ग्राइंडरवर मोठी चकती चढवणं. १८० मिलिमीटरच्या चकतीवर बहुधा ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती ११,००० वर फिरवली की कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. एवढा ताण सोसायला ती बनवलेलीच नसते. चकतीवरचा आकडा मशीनच्या आकड्याइतका किंवा जास्त हवा. मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर ती चकतीची मुदत. लोक औषधाच्या गोळीवरची तारीख वाचतात, ही कोणी वाचत नाही.

चकती फुटायला किंवा मशीन झटका द्यायला बहुतेक वेळा कारण एकच असतं, काप मिटून चकती चिमटली जाणं. पट्टीची दोन्ही टोकं टेकवून मधोमध कापलं की पट्टी खाली दबते आणि काप मिटतो. व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, कापाच्या जवळच पकडा आणि सुटणारं टोक मोकळं लोंबू द्या, म्हणजे काप उघडत जातो. आणि एक मिलिमीटरची कटिंग चकती आडवी धरून वेल्ड घासायचं नाही. कडेनं कापायला बनवलेल्या चकतीला बाजूचा दाब सोसत नाही.

प्रश्न: जुन्या छन्नीच्या डोक्यावर पाकळ्या फुलल्या आहेत. धार उत्तम आहे. वापरली तर चालेल ना?

मास्तर: माझ्या डाव्या मनगटाच्या वर तांदळाएवढा एक निळसर डाग आहे. तो अशाच एका पाकळीचा. घाव घातला, काही लागल्यासारखं वाटलं, आणि दुपारी बाही वर केली तेव्हा रक्त दिसलं. डोळा चार बोटं लांब नव्हता.

छन्नीची धार कडक केलेली असते, डोकं मुद्दाम मऊ ठेवतात. म्हणून घावानं ते पसरतं. पसरलेल्या कडा ठोकून ठोकून ठिसूळ होतात आणि उडतात. ग्राइंडरवर पाकळ्या पूर्ण काढा, कडेला थोडा उतार द्या, मग खुशाल वापरा. डोकं पुन्हा पसरू नये म्हणून ते तापवून पाण्यात बुडवायची अक्कल कोणी शिकवली तर ऐकू नका. कडक डोक्यावर कडक हातोडा पडला की तुकडेच उडतात. घासताना बेंच ग्राइंडरची टेक (छन्नी टेकवायची पट्टी) आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर छन्नी आत ओढली जाते. हातोडाही बघून घ्या. दांड्यातली पाचर सैल असेल तर डोकं निसटून उडतं, आणि तो तुमच्या मागच्या माणसाचा प्रश्न होतो.

प्रश्न: आमच्याकडे सगळ्या मशीनवर हातमोजे सक्तीचे केलेत. ड्रिलवाला ऐकत नाही.

मास्तर: तोच शहाणा आहे. नियम करणाऱ्यानं ड्रिलचा स्पिंडल जवळून पाहिलेला दिसत नाही. मोज्याचा एक धागा ड्रिलनं पकडला की मोजा गुंडाळला जातो, आणि त्यात बोटं असतात. ड्रिलवर हात उघडे, बाह्या आवळलेल्या, गळ्यात काही लोंबतं नको. बुरादा ब्रशनं काढायचा, तोही मशीन थांबवून. पातळ पत्रा हातात धरून भोक पाडू नका. ड्रिल आरपार जाताना पत्रा अडकतो आणि पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावा. चष्मा मात्र त्यालाही घालायला लावा, तिथे त्याचं काही ऐकू नका.

प्रश्न: आमच्या ग्राइंडरला दोनच पिन आहेत, अर्थिंग नाही. धोका आहे का?

मास्तर: नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते असेल तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि दोन पिन बरोबर आहेत. चिन्ह नसेल, तर तिसरी पिन कोणीतरी काढली असणार. ते मशीन बाजूला ठेवा. चिन्ह असूनही बॉडीला चीर गेली असेल, किंवा केबल मशीनमध्ये शिरते तिथे वरचं आवरण सरकून आतल्या रंगीत वायर दिसत असतील, तर ते इन्सुलेशन कागदावरच राहिलं. तिथे चिकटपट्टी गुंडाळू नका, केबल बदलून घ्या. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. दाबल्यावर लाइन गेली नाही, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मशीन बंद.