रत्नागिरीत राहून तापवलेल्या खोलीत योग करावा का?
फायदा नक्की आहे. उबेने स्नायू सैल होतात, पश्चिमोत्तानासनात पाठ लवकर वाकते. बिक्रम पद्धतीत तर सुमारे ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रतेत ९० मिनिटं २६ आसनं करतात. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून मी हीटरच्या भानगडीत न पडता पहाटे पडवीतच करते. तरी करणारच असाल तर सांधे जास्त ताणू नका, उबेत दुखणं उशिरा कळतं. लगेच घटलेलं वजन म्हणजे बहुतेक पाणीच. नंतर चिमूटभर मीठ घालून कोकम सरबत घ्या. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.