मणक्याचं ऑपरेशन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सासूबाईंचं (वय ६१) एल-४ एल-५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) यांच्या मधल्या गादीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात नाशिकला ठरलंय. त्यांना मधुमेह आहे, मिश्रीची सवय आहे. झोपतात जमिनीवर, संडासही बसून वापरायचा. तयारी काय करू? – सिन्नर

उत्तर: मिश्री आजच बंद करा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. मिश्री सोडल्यापासून ऑपरेशनपर्यंत किमान ४ आठवडे तरी जायला हवेत. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. तो ८ च्या वर असला तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, आणि त्यात त्यांचं बरोबरच असतं. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, काढे-चूर्णांसकट, पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली मधुमेहाची गोळी ३-४ दिवस आधी थांबवतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका आणि चालूही ठेवू नका.

ऑपरेशनच्या दिवशी हमखास चुकतं ते चहाचं. दुधाचा चहा हा पोटाच्या हिशोबाने खाण्यातच धरला जातो, म्हणून तो ६ तास आधी बंद. साधं पाणी सहसा २ तास आधीपर्यंत चालतं. पोटात चहा असल्याचं कळलं की ऑपरेशन लांबतं.

आता घर. कॉट अशी हवी की काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते, ती आधीच आणून ठेवा. आंघोळीची बादली स्टुलावर ठेवा. रोजचे डबे कंबर आणि छाती यांच्या मधल्या फळीवर घ्या. विळीवर बसून भाजी चिरणं बंद.

उठण्याची पद्धत ऑपरेशनच्या आधीच रोज करून घ्या: गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय कॉटखाली सोडता सोडता हाताच्या रेट्याने उठून बसायचं. उताणं असताना सरळ उठलं तर ताण थेट कंबरेवर येतो. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो आणि कुंथताना गादीवर दाब वाढतो. इसबगोल आणि भरपूर पाणी यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घरी नेताना पुढची सीट थोडी मागे कलती करा. आधी सीटवर बसवा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या.

प्रश्न: माझं ऑपरेशन होऊन ३ आठवडे झाले. पायातली कळ गेली, पण तळव्याला मुंग्या येतात. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. फवारणीचा पंप कधी घेऊ? – दिंडोरी

उत्तर: कळ आधी जाते, मुंग्या सावकाश जातात. बराच काळ दबलेली नस पूर्ववत व्हायला काही महिनेही लागतात. मुंग्या हळूहळू कमी होत असतील तर काळजी नको.

पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो. पहिले ३ महिने तो नकोच, नंतरही सर्जनला विचारून. गादी जिथून फाटून बाहेर आली तिथलं छिद्र हळूहळू भरतं. तोवर वाकून, कंबर पिळून ओझं उचललं तर उरलेली गादी पुन्हा बाहेर येऊ शकते. यंदा छाटणी मजुरांकडून करून घ्या. बांधावर उभं राहून देखरेख चालेल, पण काड्या वेचायला वाकू नका. दिवसातून चार-पाच वेळा सपाट जागी १०-१० मिनिटं चाला. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. ट्रॅक्टरचे हादरे मोटरसायकलपेक्षा वाईट, तो सगळ्यात शेवटी.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा पंजा उचलला न जाता चप्पल निसटू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री सर्जनला फोन करा, गरज पडली तर १०८ बोलवा. नस दबलेल्या अवस्थेत जितके तास जातात, तितकं नुकसान कायमचं राहण्याची भीती वाढते. ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: पट्टा कायम बांधावा का? – नाशिकरोड

उत्तर: फक्त गादीचं ऑपरेशन असेल तर सहसा नाही, पट्ट्यावर विसंबलं की पाठीचे स्नायू आळसावतात. स्क्रू घालून मणके जोडले असतील तर किती दिवस बांधायचा ते सर्जनच ठरवतील.