वाटीभर दही

प्रिय मनू,

रविवारी फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. जावईबापूंनी आणलेल्या बरिटोतला काळा राजमा आई चमच्याने वेचून बाजूला काढत होती, बाळाला वात होईल म्हणून. तू म्हणालीस, "आजीला तरी कधी कुणी विचारलं होतं का, तुला काय खावंसं वाटतंय?" आई गप्प झाली. मी "दारात कुरियर आलंय" म्हणून फोन ठेवला. कुरियर वगैरे काही नव्हतं.

तिकडे सिएटलला तुझी झोप होत नाही आणि मी मराठीत एवढं लांबलचक वाचायला लावतोय. कंटाळा आला तर सोडून दे.

बाळकाका झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. 1974 चा जानेवारी, वाईची थंडी. मधल्या खोलीत काळोख करून बाज टाकलेली, खाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा पडला की खोलीभर धूर. तुझी आजी कानाला फडकं बांधून पडलेली. मोठी आजी, म्हणजे तिची सासू, ताट पाठवायची: बाजरीची भाकरी, वर तुपाचा गोळा, शेपूची भाजी, लसूण-खोबऱ्याची चटणी. वांगं नाही, कोबी नाही, हरभऱ्याची डाळ नाही, गार पाणी तर नाहीच. जेवण झालं की चिमूटभर बाळंतशेपा.

माझ्याकडे खारका फोडायचं काम होतं. एकीची बी काढायची, दुसरी तोंडात. डिंक तुपात पडला की लाहीसारखा टप्पकन फुगायचा. अळीव मात्र मला किळसवाणे वाटायचे. नारळाच्या पाण्यात भिजून बुळबुळीत व्हायचे, थेट बेडकाची अंडी! पण गूळ-खोबऱ्यात शिजून लाडू झाले की त्यातले दोन मीच पळवायचो. (गेल्या महिन्यात इथे एडिसनला दुकानात अळिवाचं हिंदी नाव घेऊन "हलीम" मागितलं, तर पोराने फ्रोझन मटण पुढे केलं. तुला पाठवलेल्या लाडवांच्या डब्यातले अळीव त्यानंतरच्या तिसऱ्या दुकानातले.)

एका दुपारी मोठ्या आजीचा डोळा लागला होता. तुझ्या आजीने मला खुणेने बोलावलं. "फडताळातलं वाटीभर दही आण. चिमूटभर मीठ घाल. कुणाला बोलू नकोस." मी आणलं. तिने चमचाही मागितला नाही. बोटांनी खाल्लं, वाटीच्या कडेने बोट फिरवून चाटलं आणि रिकामी वाटी माझ्या सदऱ्याखाली सरकवली. त्या रात्री बाळकाका असा रडला की शेजारच्या काकू उठून आल्या. मोठ्या आजीने त्याच्या बेंबीभोवती हिंग लावला आणि वळून विचारलं, "काय खाल्लंस गं?" तुझी आजी काही बोलली नाही. मी गोधडीत तोंड खुपसून पडलो.

त्याचं पोट मीच दुखवलं, अशी कित्येक वर्षं माझी खात्री होती. तू झालीस तेव्हा आईच्या पुढ्यातली दह्याची वाटी मीच उचलली होती. विचार तिला.

तुझी नर्स सांगते ते खरं आहे, कळतं मला. गॅस आईच्या आतड्यात होतो, दुधात उतरत नाही. चव उतरते. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या संशोधकांनी 1991 साली आयांना लसूण खायला देऊन पाहिला, तर बाळं जास्त वेळ पीत राहिली. मोठी आजी म्हणाली असती, एवढ्यासाठी फिलाडेल्फियाला कशाला जायचं? दूध वाढतं ते बाळ ओढेल तसं. लाडवांनी वाढतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अळिवात लोह भरपूर असतं, एवढं नक्की.

पण त्या घरातली एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. सुना शेवटी जेवायच्या, उरलंसुरलं. बाळंतिणीचं ताट मात्र सगळ्यांत आधी वाढलं जायचं, आजोबांच्याही आधी. सव्वा महिना तिला चुलीकडे फिरकू द्यायचे नाहीत. ती माया होती, की घराण्याच्या वारसाची काळजी? दोन्ही असेल. सव्वा महिना सरला तशी तुझी आजी परत शेवटच्या पंगतीत. लाडवांचा डबा तोवर घासून पालथा घातलेला. बाळकाका मात्र वर्षभर पीत होता. परवा वाचलं, पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. तेव्हापासून तो पालथा डबा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

काल पुण्याला फोन लावला आणि तुझाच प्रश्न आजीला विचारला.

"इश्श, बाळंतिणीला कोण विचारतंय?" म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ते दही आंबट होतं रे. ताजं सोडून परवाचं उचलून आणलंस."

राजम्याचं मी आईशी बोलतो. लाडू नको असतील तर फ्रीजरमध्ये तसेच राहू देत. पंधरा दिवसांत मी येतोच आहे.

— बाबा