पगार दुप्पट आहे, पण शिकागोला येण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी, गावी मधुमेह असलेली आई. हातात शिकागो आणि कोपनहेगन अशा दोन ऑफर, आणि कर कापून शिकागोला जवळपास दुप्पट पैसे हातात पडतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, "तिकडे गरीब-श्रीमंत दरी मोठी आहे हे ऐकून आहे, पण आम्ही तर चांगल्या पगारावर जाणार. आमच्या तब्येतीचा त्याच्याशी काय संबंध?" मी या एकाच वाक्याचं उत्तर देणार आहे, कारण माझ्या नोकरीची जवळपास वीस वर्षं त्या दरीच्या दोन्ही काठांवर गेली.

मी मिरजेत नर्सिंग शिकले, २००६ साली शिकागोला आले आणि तेव्हापासून डायलिसिसचं काम करते. पहिली नऊ वर्षं शहराच्या साउथ साइडला, म्हणजे दक्षिणेकडच्या गरीब भागात, त्यानंतर पश्चिमेकडच्या एका सुखवस्तू उपनगरात. मशीन तेच, सुया त्याच, आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसणंही तेच. पण साउथ साइडला पन्नाशीतली माणसं खुर्चीत असायची आणि उपनगरात पंचाहत्तरीतली.

साउथ साइडला एक आजोबा होते. आजोबा म्हणते, पण वय त्रेसष्टच. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात, तो जोड म्हणजे फिस्टुला. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली की सुई टोचायची. ते दर वेळी माझ्याकडे न बघता विचारायचे, "अजून गातोय का?" तरुणपणी ते साउथ वर्क्स या पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होते. १९९२ साली कारखाना बंद पडला. अमेरिकेत आरोग्यविमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो, त्यामुळे नोकरीबरोबर विमाही गेला. ब्लडप्रेशर तेव्हाच निघालं होतं. पुढे मिळतील ती कामं केली, विमा कधी असायचा, बहुतेकदा नसायचा. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या म्हणून ते पावाच्या सुरीने गोळी अर्धी करायचे. "जो भुगा पडायचा, तोही बोटाने टिपून चाटायचो," हे त्यांनी मला दाखवून सांगितलं होतं, ओल्या बोटाने चादरीवर टिपून.

आता यातली खरी गोम बघा. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला, वय कितीही असो, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातून डायलिसिस मिळतं. म्हणजे वीस वर्षं काही डॉलरच्या गोळ्या नीट मिळाल्या नाहीत आणि किडनी गेल्यावर वर्षाला हजारो डॉलरचा उपचार सुरू झाला. किडनी जाण्याची तिथली दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि ब्लडप्रेशर, दोन्ही वेळीच आवरता येणारी. आणि हे कुणाच्या वाट्याला जास्त येतं तेही बघा. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के. डायलिसिसच्या खुर्च्यांवर साधारण एक तृतीयांश.

शिकागोच्या रेड लाइन मेट्रोने फिरा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. सरोवराकाठच्या काचेच्या इमारतींचा भाग म्हणजे स्ट्रीटरव्हिल. तिथून चौदाएक किलोमीटर दक्षिणेला एंगलवूड ही गरीब वस्ती. आपल्याकडे स्वारगेटहून पिंपरीला जावं तेवढंच जेमतेम. २०१९ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या वैद्यकीय विद्यालयाने अमेरिकेतल्या ५०० मोठ्या शहरांची आकडेवारी तपासली. स्ट्रीटरव्हिलचं सरासरी आयुर्मान निघालं ९० वर्षं, एंगलवूडचं ६०. एकाच शहरात, एकाच महापौराखाली, तीस वर्षांचा फरक, आणि तो त्या यादीतला सर्वांत मोठा होता. साउथ साइडला १९९१ नंतर पार २०१८ पर्यंत गंभीर जखमी प्रौढांसाठी वरच्या दर्जाचं एकही ट्रॉमा सेंटर नव्हतं. २०१३ साली शहराने एकदम पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या, त्याही बहुतेक दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या. माणूस साठीत जातो तेव्हा त्यामागे असं बरंच काही असतं. फक्त त्याचं खाणंपिणं नसतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे एंगलवूडला राहणार? बरोबर, राहणार नाही. इथले आपले बहुतेक लोक नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या बाजूला असतात. पण ही दरी फक्त तळातल्यांना लागत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ पासून झाला, मायकेल मार्मट या ब्रिटिश संशोधकाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यातला कुणीही कंगाल नव्हता. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना मोफत सरकारी दवाखाना. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिप्पट. आणि दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा कमी निरोगी. सिगारेट, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर सगळं हिशेबात धरलं तरी बराच फरक उरला. कामावर आपलं काही चालत नाही आणि उद्याचा भरवसा नाही, अशी जी धास्ती असते ती शरीर रात्रंदिवस वाहत असतं. अमेरिकेत तर पायऱ्या फारच उंच. २०१६ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी कराच्या नोंदींवरून दाखवलं की सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुष सर्वांत गरीब एक टक्क्यापेक्षा सरासरी १४.६ वर्षं जास्त जगतात. बायकांत हा फरक १०.१ वर्षं. आणि मध्ये कुठेही "इथून पुढे सगळे सारखे" अशी सपाटी येत नाही.

माझंच सांगते. २०१४ च्या हिवाळ्यात माझं डोकं सतत दुखायला लागलं. मी नर्स, दिवसभर दुसऱ्यांचं प्रेशर मोजणारी. एकदा शिफ्ट संपल्यावर स्वतःचं मोजलं, १६८ वर १०२. तरी तीन महिने डॉक्टरकडे गेले नाही. आम्ही कमी हप्त्याचा विमा घेतला होता आणि त्याचं डिडक्टिबल भरमसाट होतं, म्हणजे वर्षातले पहिले काही हजार डॉलर खिशातून गेल्याशिवाय कंपनी खर्च उचलायची नाही. नवऱ्याच्या कंपनीत कपात चालू होती. म्हटलं, जानेवारीत बघू. त्या आजोबांच्या हाताला सुई टोचत होते आणि स्वतः तेच करत होते. हे कळलं त्या दिवशी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

आमचा पगार वाईट नव्हता. पण त्या पगाराचं काय होतं ते ऐका. इथे सरकारी शाळांना मोठा पैसा त्या-त्या भागातल्या घरपट्टीतून मिळतो. म्हणून चांगली शाळा हवी तर महाग भागात घर हवं. घर शहराबाहेर, म्हणून दोन गाड्या. घराचं कर्ज, म्हणून दोघांच्या नोकऱ्या, म्हणून शाळेत जाईपर्यंत मुलीचं डे-केअर, महिना दीड-दोन हजार डॉलर. आणि हे सगळं ज्या नोकरीवर उभं, तीच विमाही देते. तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर याल. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची आहे, त्यामुळे ही टांगती तलवार मुलगी कॉलेजात जाईपर्यंत राहू शकते. वरच्या पायरीवरचा माणूस आयुष्यभर खालच्या पायरीपासून लांब राहण्याचे पैसे भरत असतो. पगार दुप्पट का दिसतो, याचं अर्धं उत्तर यात आहे.

पुण्यातही आपण दरी बघतोच, असं तुमच्या मनात येईल. पण पुण्यात सोसायटीच्या भिंतीपलीकडे वस्ती असते, कामवाल्या मावशींच्या मुलाला ताप आला तर आपल्याला सकाळी कळतं. शिकागोत हायवे गरीब वस्त्यांच्या वरून जातो. माझ्या उपनगरातल्या शेजाऱ्यांपैकी कितीतरी जण वीस वर्षांत एकदाही एंगलवूडला गेलेले नाहीत.

आणि माणसं एकमेकांपासून तुटली की काय होतं, ते या शहराने १९९५ च्या जुलैत बघितलं. पारा ४१ अंशांवर गेला आणि थोड्याच दिवसांत नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून मांस वाहून नेणारे थंड ट्रक आणून उभे केले. पुढे एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. हवा तीच. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने गेलेले, दुकानं बंद, रस्ते ओसाड. एकटी म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून आत बसली आणि तशीच गेली. मृत्यूचं प्रमाण शेजारच्या वस्तीच्या कितीतरी पट. साउथ लॉनडेलमध्ये, मेक्सिकन लोकांच्या त्या गजबजलेल्या भागात, दुकानं उघडी होती, फुटपाथवर माणसं होती. म्हातारे बाहेर पडले, थंड दुकानात जाऊन बसले, वाचले. माझ्या एका पेशंटबाईची थोरली बहीण त्या आठवड्यात गेली होती. "तिच्या खिडक्या खिळे ठोकून बंद होत्या," एवढंच ती म्हणायची.

आता कोपनहेगन. माझी धाकटी बहीण तिथे अकरा वर्षं आहे, मी चारदा राहून आले. पगार कमी, कर जास्त हे खरंच. मात्र तुमचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर परदेशी तज्ज्ञांसाठी सात वर्षांपर्यंत सवलतीचा कर आहे, कंपनीला लगेच विचारा. नोंदणी झाली की पिवळं आरोग्यकार्ड येतं. त्यावर फॅमिली डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन्हीचं बिल नाही. दात आणि औषधं यांचे पैसे पडतात. बालवाडीच्या खर्चातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा पालकांचा. नोकरी गेली तरी कार्ड जात नाही, जोवर राहण्याचा परवाना आहे तोवर. बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हा ती व्हिसाच्या काळजीत होती, पण मुलाच्या दम्याच्या काळजीत नव्हती. तेवढा एक फरक मला फार मोठा वाटला. कॅफेबाहेर बाबागाडीत झोपलेली बाळं बघून आमच्या आईचा जीव वरखाली झाला होता. तिथे कुणी वळूनही बघत नाही. "बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो" असं सर्वेक्षणात म्हणणारे डेन्मार्कमध्ये चारातले जवळपास तीन, अमेरिकेत तिघातला एक.

तिथे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. भाषा कठीण, मैत्री जमायला वर्षं लागतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंधार, कायमच्या परवान्याचे नियम कडक. श्रीमंत आणि गरीब डेन माणसाच्या आयुर्मानातही फरक आहेच. विषमतेचा तब्येतीवर किती परिणाम थेट होतो आणि किती गरिबीतून, यावर संशोधकांचं एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालवते आणि आयुर्मान २०२३ मध्ये ७८.४, डेन्मार्क बराच कमी खर्चात ८१ च्या पुढे. मी खुर्चीशेजारी उभं राहून जे बघितलं, ते या आकड्यांशी जुळतं.

आईचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण दोन्हीकडे हा प्रश्न अवघड आहे. शिकागोला त्या व्हिजिटर म्हणून आल्या तर प्रवासी विमा आधीपासूनचा मधुमेह सहसा धरत नाही, आणि पालकांसाठी ग्रीन कार्ड मागायला तुम्ही आधी नागरिक व्हायला हवं. डेन्मार्क तर पालकांना कायमचं जवळजवळ येऊच देत नाही, फार तर नव्वद दिवसांची भेट. त्यांच्या औषधांची आणि तपासणीची सोय गावीच पक्की करून निघा, कुठेही गेलात तरी.

मला विचाराल तर, चार वर्षांची मुलगी बरोबर असताना मी कोपनहेगन घेईन. तरीही शिकागोच ठरलं तर पगार वाढवून मागण्याआधी विम्याचा कागद मागा. हप्त्यातला तुमचा वाटा किती, डिडक्टिबल किती, आणि वर्षात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, हे तीन आकडे आधी. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत घर विकत घेऊ नका. रस्त्याने जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या बिलाला, अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा २०२२ पासूनचा केंद्र सरकारचा कायदा लागू होत नाही, हे बायकोलाही सांगून ठेवा.

कागद आला की नाव आणि पगार खोडून मला पाठवा. मी रविवारी मोकळी असते, ओळ न् ओळ वाचून काय झाकलंय ते सांगते.