घरून ऑनलाइन प्रोसेस पेंटिंगच्या सत्रात सहभागी होण्यासाठी काय तयारी लागते?

वडोदऱ्यातील आमच्या घरी मी भिंतीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून त्यांवर २२ बाय ३० इंचांचा जाड कागद लावते. पोस्टर कलर, दोन-तीन ब्रश आणि पाण्याचे भांडे एवढे साहित्य पुरते. प्रोसेस पेंटिंगच्या पद्धतीत चित्र कसे दिसते यापेक्षा ते काढताना मनात काय घडते याला महत्त्व असल्यामुळे मार्गदर्शक चित्राचे कौतुक करीत नाहीत, दोषही दाखवीत नाहीत, आणि चित्रकला न शिकलेल्या माणसाला, माझ्या मते, हाच सर्वांत मोठा आधार असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता सुरू होणारे सत्र आपल्याकडे, तिथली उन्हाळी वेळ चालू असताना रात्री १०.३० ला, तर हिवाळी वेळ असताना ११.३० ला येते, म्हणून घरच्यांना आधी कल्पना द्यावी. पावसाळ्यात कागद सादळतो. तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा.