वाचकांचे प्रश्न : शेजारी नोड गप्प झाला, तर आकडा खाली येतो का?

प्रश्न : आमच्या मेश नेटवर्कच्या (जिथे उपकरणे म्हणजे नोड एकमेकांमार्फत डेटा पुढे पाठवतात) राउटिंग प्रोग्रामसाठी लिंकची गुणवत्ता मोजणारा नवा पॅच एका सहकाऱ्याने लिहिला आहे. शेजारी नोडकडून हॅलो पॅकेट, म्हणजे ‘मी आहे’ एवढेच कळवणारे क्रमांकित पॅकेट आले, की त्याच्या क्रमांकावरून मधली किती पॅकेट हरवली हे काढून ० ते २५५ या पट्टीवरची चलत सरासरी सुधारली जाते. चाचण्या पास होतात. रिव्ह्यू करताना आणखी काय पाहावे?

उत्तर : सरासरी जर पॅकेट आल्यावरच सुधारली जात असेल, तर शेजारी नोड बंद पडल्यानंतर ती सुधारण्याचे निमित्तच उरत नाही, आणि मेलेली लिंक शेवटच्या चांगल्या आकड्यावर गोठून राहते. म्हणून पहिल्यांदा टायमर शोधावा: ठरलेल्या वेळेत हॅलो आला नाही, तर ती हानी त्याच वेळी मोजली गेली पाहिजे. टायमर असेल, तर उलट बाजूही तपासावी लागते, कारण टायमरने मोजलेली हानी पुढचे पॅकेट आल्यावर क्रमांकातील खंडावरून पुन्हा मोजली जाण्याचा धोका असतो. बॅबेल या राउटिंग प्रोटोकॉलचे मानक, म्हणजे २०२१ चे आरएफसी ८९६६, ही अडचण सरळ सोडवते: वेळ उलटली, की आलेल्या-हुकलेल्या हॅलोंच्या इतिहासात शून्य सरकवायचे आणि अपेक्षित क्रमांकही त्याच क्षणी एकाने वाढवायचा.

क्रमांक १६ बिटांचा असेल, तर ६५५३५ नंतर ० येतो. तिथे वजाबाकी बिनचिन्ह (अनसाइन्ड) १६ बिटांतच होते ना, हे पाहावे. अन्यथा एका निरोगी लिंकवर हजारो पॅकेट हरवल्याची नोंद होईल. नोड रीबूट झाल्यावरही क्रमांक असाच उडी मारतो. बॅबेलमध्ये १६ हून जास्त फरक दिसल्यास रीबूट गृहीत धरून त्या शेजाऱ्याची नोंदच पुसली जाते.

आता सरासरीच्या त्या एका ओळीकडे वळू, कारण रिव्ह्यूमध्ये डोळा सहज तिच्यावरून घसरतो. जुन्या किमतीला सात पट वजन, नव्या नमुन्याला (पॅकेट आले तर २५५, हरवले तर ०) एक, आणि बेरजेला पूर्णांकात ८ ने भाग, अशी ती असेल तर आकडा २४८ वर पोहोचला, की १७३६ अधिक २५५ म्हणजे १९९१, आणि भागाकार पुन्हा २४८. एकही पॅकेट न गमावणारी लिंक २५५ गाठूच शकत नाही. भागण्यापूर्वी ४ मिळवून पूर्णांकन करावे, असे कोणी सुचवेल. पण मग वरची मर्यादा फक्त २५२ पर्यंत सरकते, आणि खाली उतरताना आकडा ४ वर अडकतो, म्हणजे मेलेली लिंक कधीच शून्य होत नाही, जे मूळ दोषापेक्षा वाईट आहे. खरा उपाय म्हणजे सरासरी आठएक जादा अपूर्णांकी बिटांसह साठवणे आणि बाहेर देतानाच तिचे पूर्णांकन करणे.

आलेल्या हॅलोंवरून फक्त येणारी दिशा कळते. जाणारी दिशा शेजाऱ्याने कळवावी लागते. २००३ साली मांडल्या गेलेल्या ईटीएक्स (पॅकेट पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल) या मापनात दोन्ही दिशांनी पॅकेट पोहोचण्याच्या संभाव्यतांच्या गुणाकाराचा व्यस्त घेतात. एका दिशेला ०.९ आणि दुसरीला ०.५ असेल, तर ईटीएक्स सुमारे २.२२ येतो. शेजाऱ्याचा अहवाल आलाच नसेल, तेव्हा कोड कोणती किंमत धरतो आणि शून्याने भागाकार होऊ शकतो का, हे अवश्य विचारावे.

वाय-फायवर हॅलो सहसा ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना एकदम पाठवलेले असतात, बहुधा कमी दराने जातात आणि त्यांना पोच नसते, तर प्रत्यक्ष डेटा जास्त दराने आणि पुनःप्रेषणासह जातो. त्यामुळे हॅलो उत्तम पोहोचणारी लांबची लिंक डेटासाठी निकृष्ट ठरू शकते. ही मर्यादा या पॅचने सोडवावी असा आग्रह मी धरणार नाही, पण ती कोडमधील टिप्पणीत लिहिलेली असावी.

चाचण्या पास होतात हे ठीक, परंतु त्यांत शेजारी कायमचा गप्प होण्याचा प्रसंग आहे का? नसेल, तर ती चाचणी आणि ६५५३५ ओलांडण्याची चाचणी जोडल्याशिवाय आपण मंजुरी देऊ नये.